पाण्यात उभं, तरी तहानलेलं!

मैत्रिणींनो, आधी एक कोडं घालते. गळ्यापर्यंत पाण्यात उभं, तरी तहानेनं मान टाकलेली. सांगा पाहू काय?

मला हे कोडं पडलं २०१९ च्या ऑगस्टमध्ये. त्याचं उत्तर वेळेवर सुचलं नाही, म्हणून आमच्या परसातला कढीपत्ता मी घालवून बसले. तुम्ही म्हणाल, एका कढीपत्त्याचं काय एवढं! पण हे झाड माझ्या सासऱ्यांनी घर बांधलं त्या वर्षी लावलेलं. सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सासूबाई कधी बोलून दाखवत नाहीत, पण आमटीच्या फोडणीला पानं हवी असली की मला किंवा मुलीला पाठवत नसत. स्वतः परसात जायच्या, दोन डहाळ्या खुडायच्या आणि क्षणभर तिथंच उभ्या राहायच्या. आता तुमच्या लक्षात येईल.

आमचं घर सांगलीत, कृष्णेपासून फार लांब नाही. त्या ऑगस्टमध्ये नदी घरात आली. आम्ही मिरजेला नणंदेकडे जाऊन राहिलो. आठ-नऊ दिवसांनी परतलो तेव्हा घरात घोटाभर गाळ होता. तो उपसता उपसता हात भरून आले. मग परसाकडं पाहायला सवड झाली. मिरच्या, टोमॅटो, झेंडू यांचा नुसता काला झाला होता. पपई मुळाशी मऊ पडून आडवी झाली होती. पेरू पिवळा पडला होता, पण उभा होता. कढीपत्ताही उभा होता. पानं मात्र सगळी खाली लोंबत होती, उन्हाळ्यात पाणी न मिळालेल्या झाडासारखी.

नेमकं तेव्हाच लख्ख ऊन पडलं होतं. मला वाटलं, बिचारं तहानलंय. मी सकाळ-संध्याकाळ एकेक बादली पाणी घालू लागले. वर अंगात जोर यावा म्हणून टोपलीभर शेणखतही घातलं. पंधरा दिवसांत झाडाच्या नुसत्या काड्या राहिल्या.

आणि त्याच्यापासून चार हातांवर मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू! त्याची कुणी विचारपूसही केली नव्हती. त्याच गाळातून त्यानं हिरवीगार सुरळी वर काढली आणि महिन्याभरात आम्ही त्याचं फतफतं केलंसुद्धा. पूर एक, चिखल एक. मग एकानं प्राण सोडावा आणि दुसऱ्यानं तरारून यावं, हे कसं?

मी बी. ए. ला मराठी घेतलेली. शाळेत अर्धवेळ शिकवते, तेही मराठीच. पण दिवाळीनंतर आमच्या विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि सातवीचा त्यांचा तास माझ्या वाट्याला आला. धडा वनस्पतींच्या श्वसनाचा. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, झाड पाण्यात बुडून मरतं का हो? माणसासारखं?" मला उत्तर देता येईना. त्या मुलीच्या घरातही पाणी आलं होतं. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली आणि बाई परतल्यावर त्यांच्याकडून पुस्तकं मागून आणली. तेव्हापासून जे वाचलं, विचारलं आणि घरी करून पाहिलं, तेच आज तुम्हांला सांगते आहे.

मुळांनाही श्वास लागतो

आपण शाळेत शिकलो की झाडं ऑक्सिजन देतात. ते खरं, पण अर्धं. ऑक्सिजन देतात ती हिरवी पानं, तीही उजेडात. जमिनीखालच्या मुळांना ना उजेड, ना हिरवेपणा. त्यांना तुमच्या-माझ्यासारखाच ऑक्सिजन घ्यावा लागतो. तो मिळतो मातीच्या कणांमधल्या बारीक बारीक पोकळ्यांतून. चांगली भुसभुशीत माती म्हणजे निम्मी माती आणि निम्म्या पोकळ्या. त्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा दोन्ही नांदतात.

पाणी साचलं की त्या पोकळ्या पाण्यानं भरतात आणि हवा बाहेर जाते. पाण्यात ऑक्सिजन अजिबात नसतो असं नाही. पण हवेत तो जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून सरकतो. शिवाय मातीतले असंख्य सूक्ष्म जीव त्याच ऑक्सिजनवर जगतात. गरम दिवसांत असला-नसला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो. मग ऑक्सिजनवाचून जगणारे जीव मातीत माजतात. जास्त पाणी झालेल्या कुंडीतल्या मातीला नासक्या अंड्यासारखी घाण येते, ती यांचीच करणी.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर होय असंच आहे. झाड पाण्यात बुडून मरतं. मात्र माणसाचं नाक बुडतं, झाडाची मुळं गुदमरतात.

आता कोड्याकडं वळू. गुदमरलेलं झाड तहानल्यासारखं का दिसतं? मुळांच्या पेशींना पाणी आत घेण्यासाठी फार सूक्ष्म दारं असतात. २००३ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपावर प्रयोग करून दाखवलं, की ऑक्सिजन संपला की पेशीतला रस आंबट होतो आणि त्या आंबटपणानं ही दारं मिटतात. भोवती पाणीच पाणी, पण दारं बंद! पानांतून मात्र उन्हानं पाणी उडतच राहतं. म्हणून पानं लोंबतात. आणि आपण बायका काय करतो? लोंबलेलं पान पाहिलं की तांब्या घेऊन धावतो.

तीस भाकऱ्यांच्या जागी दोन

श्वास कशाला हवा? साखरेतून शक्ती काढायला. पानांनी बनवलेली साखर मुळांपर्यंत येते आणि तिथं ऑक्सिजनच्या मदतीनं तिची शक्ती होते. ऑक्सिजन असला तर साखरेच्या एका कणातून शक्तीचे तीसएक वाटे पडतात. तो नसला तर पडतात फक्त दोन. म्हणजे ज्या पिठात तीस भाकऱ्या व्हायच्या, तेवढ्यातच दोन भाकऱ्या करून सगळं घर जेवू घालायचं.

ऑक्सिजनवाचूनची ही जी दुसरी रीत, ती म्हणजे आंबवणं. पावाच्या पिठात यीस्ट जे करतं तेच. त्यात मद्यार्क तयार होतो. थोडे दिवस त्यावर निभतं. पण साठवणीतली साखर भराभर संपते, पेशी आंबट होत जातात आणि शेवटी मुळांची टोकं काळी पडून कुजतात. पपई, टोमॅटो, मिरची यांच्यासारख्या नाजूक झाडांना दोन-चार दिवस साचलेलं पाणीही पुरे होतं.

बरं, झाडाला कळतं तरी कसं की ऑक्सिजन संपला? हे कोडं २०११ साली दोन शास्त्रज्ञगटांनी उलगडलं. ते मी माझ्या घरगुती भाषेत सांगते. आपल्या घरातला इन्व्हर्टर वीज असेपर्यंत गप्प असतो आणि वीज गेली की आपोआप सुरू होतो. झाडाच्या पेशीत संकटकाळाची घंटा वाजवणारी काही प्रथिनं असतात. ती सारखी तयार होत असतात आणि ऑक्सिजन आहे तोवर सारखी मोडलीही जातात. ऑक्सिजन सरला की त्यांचं मोडणं थांबतं. ती साचतात आणि पुराच्या दिवसांची सगळी कामं सुरू करून देतात.

अळवाच्या देठातलं गुपित

आता आमच्या अळवाचं ऐका. पुढच्या वेळी अळू चिराल तेव्हा एक काम करा. जाड देठ आडवा कापा आणि उजेडाकडं धरून पाहा. आत बारीक बारीक पोकळ्यांची जाळी दिसेल. बाजारात कमळकाकडी मिळाली तर तिचीही एक चकती कापून पाहा. तिच्यात तर गोल गोल नळ्याच असतात. केळीचं सोपट कापलं तर त्यातही हवेचे कप्पे दिसतात. आपण ती भोकं पाहून चकतीची नक्षी छान म्हणतो. पण ती नक्षी नव्हे, हवेची नळी आहे. पानांतून आलेली हवा या वाटेनं खाली चिखलातल्या कंदापर्यंत आणि मुळांपर्यंत जाते. बाहेरच्या चिखलात ऑक्सिजन नसला तरी यांची शिदोरी आतून येते.

भाताच्या मुळांतही अशाच नळ्या असतात. त्या तयार कशा होतात हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ पुस्तक मिटून बसले. मुळातल्या मधल्या भागातल्या काही पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि त्यांच्या जागी हवेची वाट मोकळी होते. शिवाय मुळांच्या बाहेरच्या अंगाला एक घट्ट थर बसतो, म्हणजे हवा वाटेत गळून न जाता टोकापर्यंत पोचते. टोकाशी जी थोडी पाझरते, तिनं चिखलातल्या लोहाला गंज चढतो. पाण्यातल्या भाताची मुळं तांबूस दिसतात ती म्हणूनच. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. लहानपणी चिखलातून उपटलेल्या भाताची ती तांबडी मुळं कितीदा पाहिली होती! मातीचाच रंग लागलाय असं वाटायचं.

कमळाच्या कुळातल्या झाडांची तऱ्हा आणखी वेगळी. १९८० साली अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञानं पिवळ्या कुमुदिनीवर दाखवून दिलं, की उन्हानं तापलेली कोवळी पानं हवा आत ओढून देठातून खाली ढकलतात. ती चिखलातल्या कंदातून फिरून जुन्या पानांच्या वाटेनं वर निघून जाते. म्हणजे झाडाच्या आत अक्षरशः वारा वाहत असतो.

आणि 'अळवावरचं पाणी' तर आपल्या बोलण्यातलंच. क्षणभर टिकणारं, हात लावताच घरंगळणारं. पण हाच गुण पुरात कामी येतो. अळवाचं पान पाण्याच्या पातेल्यात बुडवून पाहा. ते चंदेरी दिसेल. पाणी पानाला चिकटत नाही, म्हणून मध्ये हवेचा पातळ पापुद्रा अडकून राहतो. भाताच्या पानावरही पाण्याखाली असाच पापुद्रा असतो आणि त्यातून बुडालेलं रोप थोडाफार श्वास घेऊ शकतं.

चिखलातून वर आलेली नाकं

माहेरच्या खाडीकाठी तिवरांची दाटी आहे. ओहोटी लागली की झाडांभोवती चिखलातून हजारो बोटं वर आल्यासारखी दिसतात. आम्ही मुलं अनवाणी जायचो आणि ती पायाला टोचायची. आजी ओरडायची, "त्यांवर पाय देऊ नका गो, झाड रागावतं." झाड रागावत असेल-नसेल, पण आजीचं सांगणं योग्यच होतं. ती तिवराची नाकं आहेत. मुळांचे हे कोंब मुद्दाम वरच्या दिशेनं वाढतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. ओहोटीच्या वेळी हवा त्यांतून आत जाते आणि खालच्या काळ्या चिखलातल्या मुळांना पुरते.

कांदळाच्या उभ्या, टेकू दिल्यासारख्या मुळांवरही अशी छिद्रं असतात. १९५५ साली काही शास्त्रज्ञांनी ती ग्रीस लावून बुजवली, तेव्हा चिखलातल्या मुळांमधला ऑक्सिजन झपाट्यानं उतरला. नाक दाबलं की काय होतं ते झाडानंही दाखवून दिलं. याच खारफुटीतल्या पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला आहे.

अढीतला वायू आणि भाताची दोन घराणी

आता मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. आपण कच्चे आंबे गवतात झाकून अढी घालतो. ते पिकतात कशानं? आंब्यातूनच सुटणाऱ्या इथिलीन नावाच्या वायूनं. उघड्यावर तो उडून जातो. गवतात कोंडला की साचतो आणि आंबे भराभर पिकतात.

हाच वायू प्रत्येक झाड थोडा थोडा सोडत असतं. एरवी तो हवेत विरून जातो. पण झाड पाण्याखाली गेलं की त्याला बाहेर पडता येत नाही. तो अंगातच कोंडतो. पुरात सापडलेलं झाड म्हणजे जणू पाण्याच्या अढीत घातलेलं झाड! या साचलेल्या वायूवरून भाताला समजतं की आपण बुडालो आहोत.

समजल्यावर काय करायचं, यात मात्र भाताची दोन घराणी आहेत.

पहिलं घराणं बंगाल, आसाम, बांगलादेश, थायलंड इकडचं. तिथं सखल भागात पुराचं पाणी हळूहळू चढतं आणि महिनोन्‌महिने राहतं, तेही पुरुष-दोन पुरुष खोल. तिथला खोल पाण्यातला भात पाण्याबरोबर वाढतो. दिवसाला वीतभर वाढण्याची त्याची ताकद आहे! काहीही करून शेंडा पाण्याच्या वर ठेवायचा आणि पोकळ कांड्यांतून हवा खाली न्यायची, हा त्याचा बाणा. २००९ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या वाढीमागची दोन जनुकं शोधली. पाणबुड्याच्या तोंडातल्या श्वासाच्या नळीवरून त्यांना 'स्नॉर्केल' असं नाव दिलं.

दुसरं घराणं ओरिसातलं. तिथल्या धलपुतिया या गावठी वाणातून निवडलेला 'एफ. आर. १३ ए' नावाचा भात आहे. दाणा साधा, उतारा बेताचा. पण अंगावर पाणी चढलं की हा भात वाढायचं थांबवतो. धडपड नाही, हातपाय मारणं नाही. अंगातली साखर जपून, अगदी पुरवून पुरवून वापरतो आणि पाणी उतरण्याची वाट पाहत बसतो. पाणी उतरलं की पुन्हा फुटवे काढतो. साधा भात आठवडाभर पूर्ण बुडाला की बहुधा जातो. हा दोन आठवडे तग धरतो.

या स्वस्थ बसण्यामागचं जनुक गुणसूत्र क्रमांक नऊवर आहे हे १९९६ साली कळलं, आणि २००६ साली ते नेमकं हाती लागलं. त्याचं नाव 'सब-१ ए'. मग फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत त्या जुन्या भाताचा हा एक गुण आंध्रातल्या मारुतेरू केंद्राच्या 'स्वर्णा' या शेतकऱ्यांच्या आवडत्या वाणात उतरवण्यात आला. तोही साध्या संकरानं, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून. त्यातून 'स्वर्णा सब-१' तयार झाला आणि २००९ साली आपल्या देशात लागवडीसाठी आला. चव आणि उतारा स्वर्णाचाच, फक्त पुरात धीर धरायची सवय जुन्या भाताची.

तुम्ही विचाराल, यांतलं शहाणं घराणं कोणतं? उत्तर असं, की पाणी किती दिवस राहणार यावर ते ठरतं. महिनोन्‌महिने राहणारं पाणी असेल तर गप्प बसणारा उपाशी मरेल. आठ-दहा दिवसांत उतरणारं पाणी असेल तर वाढण्यात सगळी साखर उधळणारा पाणी उतरताच आडवा होईल. दोन्ही रीती खऱ्या, पण आपापल्या पुरापुरत्या.

मग आपण काय करायचं?

आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी पूर येत नाही, देव करो आणि न येवो. पण कुंडीतला पूर घरोघरी येतो, आणि तो आणतो आपणच. म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी.

पान लोंबलं की आधी कुंडी उचलून पाहा. हलकी लागली तर झाड तहानलंय, पाणी घाला. जड लागली, माती ओली असली, खालची पानं पिवळी पडली असली आणि सकाळच्या गारव्यातही झाडानं मान टाकलेली असली, तर ते गुदमरलंय. त्याला एक थेंबही देऊ नका.

पाणी घालण्यापूर्वी बोटाची दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर तांब्या खाली ठेवा. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. तळाचं भोक महिन्यातून एकदा सळईनं मोकळं करा. भोकावर खापरीचा बाकदार तुकडा पालथा ठेवला तर मातीनं ते बुजत नाही. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. माती, जाडसर वाळू आणि मुरलेलं खत सारख्या मापानं घ्या, म्हणजे मातीत पोकळ्या राहतील. प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा मातीची कुंडी लवकर सुकते, हेही ध्यानात असू द्या.

गुदमरलेलं झाड चार-पाच दिवसांत सुधारलं नाही तर कुंडीतून अलगद बाहेर काढा. काळी, लिबलिबीत मुळं कात्रीनं कापा, पांढरी आणि टणक असतील ती ठेवा, आणि नव्या मोकळ्या मातीत लावून सावलीत ठेवा. नवं पान फुटेपर्यंत खत घालू नका. ताजं शेणखत तर मुळीच नको. ते कुजताना मातीतला उरलासुरला ऑक्सिजनही खाऊन टाकतं. माझी टोपली आठवा!

परसात पाणी साचलं असेल तर पाऊस थांबताच चर खणून त्याला वाट काढून द्या. वर बसलेला गाळाचा थर खुरप्यानं हलक्या हातानं फोडा. झाडाभोवतीची ओली माती पायांनी तुडवू नका. आणि आणखी एक गोष्ट, जी मला आधी ठाऊक असायला हवी होती. पाण्यातून निघालेल्या झाडाला एकाएकी मिळालेलं कडक ऊन आणि भरपूर हवाही बाधते. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम पंगतीला बसवल्यासारखं होतं. म्हणून जुन्या साडीचा आडोसा करून आठवडाभर सावली द्या.

नवी झाडं लावताना सखल, ओलसर जागी अळू, कर्दळ, वेखंड, ब्राह्मी लावा. पपई, मिरची, कढीपत्ता आणि आमच्या सांगलीची लाडकी हळद यांना उंचवट्यावर जागा द्या.

पळीभर पाणी

हे सगळं समजलं, पण ते घरात सांगायचं कसं? २०२० च्या पावसाळ्यात आमची तुळस पिवळी पडू लागली. सकाळी न्हाणं झालं की सासूबाई तांब्याभर पाणी घालायच्या. पाठोपाठ माझा तांब्या. मुलीला परीक्षेत मार्क हवे असले की तिचाही. वर पाऊस होताच. तुळशीला पाणी घालू नका, असं सासूबाईंना कुठल्या तोंडानं सांगणार? आणि मनात कढीपत्त्याचा सल होताच.

शेवटी एका संध्याकाळी वाती वळायला त्यांच्याजवळ बसले आणि बोलून टाकलं. "आई, कढीपत्ता पुरानं गेला खरा. पण शेवटचा धक्का मी दिला. गुदमरलेल्या झाडाला मी पाणी पाजत बसले."

त्या वात वळतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ओल्यात पाणी घालतेस हे मला दिसत होतं गं. पण इतक्या मायेनं घालत होतीस, कसं अडवायचं?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. मुळांचा श्वास, अळवाचा देठ, अढीतला वायू, ओरिसातला भात. त्यांनी स्वयंपाकघरातून अळवाचा देठ आणवला, चष्मा लावून त्यातली भोकं पाहिली आणि म्हणाल्या, "पूजेला पळीभर पाणी पुरतं. देवाला माप कळतं, आपल्यालाच कळत नाही." दुसऱ्या दिवसापासून आमच्या तुळशीला पळीभर पाणी मिळू लागलं. कुंडीच्या तळाचं भोक बुजलं होतं तेही मोकळं केलं. महिन्याभरात तुळशीला नवी पालवी आली.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर शेजारच्यांकडून कढीपत्त्याचं एक रोप आणलं. सासूबाईंनी जुन्या झाडाचीच जागा दाखवली, पण ह्यांनी तिथं आधी विटांची कड करून दीड हात उंच ओटा बांधला आणि रोप त्यावर लावलं. २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा चढली. पाणी परसात आलं, ओट्यावरूनही वाहिलं, पण दोन दिवसांत उतरलं. रोपानं पानं टाकली होती. माझा हात बादलीकडं गेला, नाही असं नाही. पण मी बादली पालथी घातली, माझी जुनी सुती साडी चार काठ्यांना बांधून सावली केली आणि गप्प बसले. अठरा-वीस दिवसांनी शेंड्याशी तांबूस कोंब दिसला.

ते रोप माझ्या शहाणपणानं वाचलं की पाणी लवकर उतरलं म्हणून, हे छातीठोकपणे सांगता यायचं नाही. पण आता फोडणीची पानं त्याच झाडाची असतात. आणि अलीकडे सासूबाई कधी कधी आतून हाक मारून मलाच सांगतात, "जा गं, दोन डहाळ्या आण."